मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम

पुण्यातला कुठलाही ज्येष्ठ नागरिक संघ घ्या, नाव तुमच्या मनाने घाला. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता व्याख्यान. गेल्या महिन्यात ‘गुडघेदुखी आणि आपण’ झालेलं असतं, पुढच्या महिन्यात ‘मृत्युपत्र कसे करावे’ ठरलेलं असतं आणि मधल्या रिकाम्या शनिवारी कुणाच्या तरी भाच्याला धरून आणलेलं असतं. भाचा हिंजवडीत कामाला असतो. फळ्यावर खडूने विषय लिहिलेला असतो : ‘क्रिप्टोकरन्सी : समज आणि गैरसमज’. साठेक खुर्च्या, त्यातल्या पंख्याखालच्या आधी भरलेल्या. मागच्या टेबलावर बटाटेवडे झाकून ठेवलेले असतात आणि त्यांचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोचत असतो. त्यामुळे व्याख्यानाला किती वेळ उरलाय हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक असतं, वक्ता सोडून.

भाचा पहिली स्लाइड लावतो. तिच्यावर सोन्याचं लखलखीत नाणं असतं, मधोमध दोन रेघा मारलेलं इंग्रजी बी.

“हे किती ग्रॅमचं?” पहिल्या रांगेतल्या आजी विचारतात.

“आजी, असं नाणं नसतंच.”

“मग चित्र कशाला लावलंयस?”

यावर भाच्याकडे उत्तर नसतं, आणि खरं तर कुणाकडेच नाही. बिटकॉइनबद्दलची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात येवो, शेजारी ते सोन्याचं नाणं असतंच. ज्याला वजन नाही, धातू नाही, खिसा नाही, अशा वस्तूची ओळख करून देताना जगभरच्या संपादकांनी एकमताने जो फोटो निवडला तो सराफाच्या जाहिरातीत शोभावा असा. लोकांची पहिली चूक तिथेच होते आणि तिची जबाबदारी लोकांवर नाही.

मराठी प्रतिशब्दांनी घोळ आणखी घट्ट केलाय. ‘आभासी चलन’ म्हणावं, तर बँकेत चाळीस वर्षं घालवलेल्यांना चलन म्हणजे दोन प्रतींत भरायचा कागद आठवतो. तो आभासी कसा काय भरायचा? ‘कूटचलन’ हा शब्द वर्तमानपत्रांनी रुळवला तो कूटलिपीवरून, म्हणजे सांकेतिक लिखाणावरून. पण कूट शब्दाला आणखी एक जुना अर्थ चिकटलेला आहे : खोटं, बनावट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खोटी नाणी पाडणाऱ्याला ‘कूटरूपकारक’ म्हटलंय आणि त्याच्यासाठी शिक्षाही सांगून ठेवलीय. म्हणजे एकाच शब्दात ‘गुपित’ही आलं आणि ‘खोटं’ही. क्रिप्टोचे भक्त पहिला अर्थ घेतात, रिझर्व्ह बँक बहुधा दुसरा. सभागृहातल्या बहुसंख्य श्रोत्यांच्या मनात मात्र तिसराच येतो, तो दाण्याचा.

भाच्याच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की ज्याने हे प्रकरण जन्माला घातलं त्यालाही ते समजावता आलं नव्हतं. सातोशी नाकामोटो या टोपणनावाच्या माणसाने (किंवा बाईने, किंवा टोळक्याने; कोण ते आजवर कुणाला कळलेलं नाही) ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. ३ जानेवारी २००९ रोजी हिशेब सुरू झाला. आणि २०१० च्या जुलैत याच नाकामोटोने वैतागून लिहिलं, की सर्वसामान्य वाचकाला कळेल असं या गोष्टीचं वर्णन करणं महाकठीण आहे, कारण हिची तुलना करावी असं दुसरं काही नाहीच. निर्मात्यानेच हात टेकले म्हटल्यावर हिंजवडीच्या भाच्याने काय करायचं!

तो काय करतो, तर दुसरी स्लाइड लावतो : ‘पैशाचा इतिहास’. पूर्वी माणूस गाय देऊन धान्य घेत असे. मग कवड्या आल्या. मग सोनं, मग नोटा, मग कार्डं. ही गाय क्रिप्टोवरच्या प्रत्येक व्याख्यानात येते आणि ती आली की तिसऱ्या रांगेतले काका शांतपणे डोळे मिटतात. त्यांना वाटतं, चलनावर येईपर्यंत एक डुलकी होईल. त्यांचा अंदाज चुकत नाही.

खरं तर गाईपर्यंत जायचं कारणच नाही. दहा रुपयांचं नाणं पुरे. मुंबईच्या फोर्टातल्या सरकारी टांकसाळीत पाडलेलं, अशोकस्तंभाचा सिंह मिरवणारं, अस्सल कायदेशीर नाणं. आणि गावोगावच्या दुकानदारांनी ते घ्यायचं बंद केलं, कारण ‘ते चालत नाही’. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच माहीत नाही. शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, की दहाच्या नाण्याच्या चौदा प्रकारच्या नक्ष्या आहेत आणि चौदाही चालतात. त्यानंतरही कित्येक ठिकाणी ‘कागदी द्या’ हे ऐकू येतच राहिलं. पैसा म्हणजे समोरच्याने घेतला तर पैसा, हे अर्थशास्त्रातलं वचन भाजीवाल्याने देशाच्या मध्यवर्ती बँकेला असं प्रात्यक्षिकासह शिकवलं. शंका असेल तर एक रुपयाची नोट कुठे सापडली तर पाहा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, अर्थसचिवांची असते, आणि ‘धारकाला अमुक रुपये देण्याचं वचन’ही नसतं. वचन नाही म्हणून ती कुणी कधी परत केल्याचं ऐकिवात नाही. लोक ती देवघरात ठेवतात किंवा आहेराच्या पाकिटात घालतात.

एवढं झालं की मायक्रोनेशियातल्या याप बेटाची गोष्ट सांगावी, झोपलेले काकाही जागे होतात. तिथे चुनखडीच्या प्रचंड चकत्या पैसा म्हणून चालत. काही तर माणसापेक्षा उंच. त्या शेकडो किलोमीटर दूरच्या पलाऊ बेटांवरून तराफ्यांवर घालून आणायच्या. एवढा धोंडा रोज कोण हलवणार? म्हणून धोंडा जागेवरच राही आणि मालक बदलल्याचं गावाला ठाऊक असे. विल्यम फर्नेस या अमेरिकन प्रवाशाने १९१० च्या पुस्तकात नोंदवलंय, की तिथल्या एका घराण्याचा धोंडा आणता आणता वादळात समुद्रात बुडाला. तो धोंडा पुढच्या पिढ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, तरी ते घराणं श्रीमंतच गणलं जाई, कारण धोंडा आहे आणि तो यांचा आहे, हे सगळ्या गावाला मान्य होतं. म्हणजे धोंडा नसला तरी चालतो, गावाची आठवण पक्की हवी. आता फक्त गावाची ती आठवण लिहून कुठे ठेवायची, हा प्रश्न उरतो.

आणि नाकामोटो ‘तुलनेला काही नाही’ म्हणाला ते इथेच, कारण तो कधी मराठी संस्थेच्या सभेला बसला नव्हता.

संघाच्या कपाटात एक जाडजूड वही असते, लाल कापडी पाठीची. तिच्यात इतिवृत्त. प्रत्येक सभेचा विषय क्रमांक एक ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. या महिन्याचं पान गेल्या महिन्याच्या पानाला मान्यता देऊनच सुरू होतं. गेल्या महिन्याच्या पानाने त्याच्या आधीच्या पानाला मान्यता दिलेली असते, आणि असं करत करत साखळी थेट स्थापनेच्या सभेपर्यंत जाते. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच. फरक चारच, पण चारही मोठे.

पहिला फरक म्हणजे वही सेक्रेटरींच्या कपाटात नाही. ज्याला हवी त्याच्या घरी तिची हुबेहूब प्रत आहे आणि अशा प्रती जगभर हजारोंनी आहेत. दुसरा, प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागच्या पानाची एक गणिती खूण लिहिलेली असते. मागच्या पानात एक स्वल्पविराम जरी कुणी हलवला, तरी खूण बदलते, मग त्याच्या पुढच्या पानाची बदलते, मग त्याच्या पुढच्या, आणि लबाडी सगळ्या वहीभर बोंबलत सुटते. तिसरा, पान लिहायला महिना लागत नाही. बिटकॉइनमध्ये सरासरी दहा मिनिटांना एक पान. इथपर्यंत सगळे माना डोलावतात.

चौथा फरक सांगताना मात्र वक्त्याने पाण्याचा घोट घ्यावा. पान कुणी लिहायचं? तर त्यासाठी स्पर्धा असते. प्रत्येक उमेदवाराला एक आकडा शोधायचा असतो, असा की तो पानाला जोडला तर पानाची खूण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खाली येईल. यात हुशारी चालत नाही, नुसते अंदाज मारायचे, सेकंदाला अब्जावधी. हाउझीचा खेळ समजा, फक्त तिकिटं अब्जावधी आणि आकडे पुकारणारा कुणी नाही. ज्याचा आकडा आधी लागेल तो पान लिहितो, बाकीचे ते तपासून आपापल्या वहीत उतरवून घेतात. आकडा फार पटापट सापडायला लागला, तर दर २,०१६ पानांनंतर कोडं आपोआप अवघड होतं. याला खाणकाम म्हणतात, त्यासाठी गोदामंच्या गोदामं भरून यंत्रं धडधडत असतात आणि काही देशांना लागते तेवढी वीज जळते. (इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोने २०२२ च्या सप्टेंबरात ही शर्यत सोडून दिली. तिथे आता अनामत ठेवणाऱ्यांतून चिठ्ठी निघते, आणि विजेचं बिल ९९ टक्क्यांहून अधिक घटलं.)

“म्हणजे सेक्रेटरी व्हायला लोक भांडतात?” मागून कुणीतरी विचारतं, आणि क्रिप्टोवरचा सभागृहाचा विश्वास त्याच क्षणी उडतो. पतपेढ्या बुडताना पाहिलेली, रुपी बँकेत अडकलेल्या ठेवींपायी वर्षानुवर्षं निवेदनं दिलेली ही माणसं. त्यांना नाणं नसलेलं नाणं पटेल, बुडालेला धोंडा पटेल, पण सेक्रेटरीपदासाठी चुरस? गेली नऊ वर्षं संघाचे सेक्रेटरी एकच आहेत, कारण दर वार्षिक सभेत ते राजीनामा देतात आणि इतर सगळे छताकडे पाहतात.

भांडतात, कारण मानधन आहे. पान लिहिणाऱ्याला नवे बिटकॉइन मिळतात आणि नवे बिटकॉइन जगात येण्याची वाट तेवढी एकच. सुरुवातीला पानाला ५० मिळत, दर चारेक वर्षांनी ते निम्मे होतात, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात. असे करत २ कोटी १० लाखांवर गाडी थांबेल.

वहीचं पहिलं पानही खास आहे. आपल्याकडे तिथे ‘श्री’ येतो. नाकामोटोने तिथे लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवशीचा मथळा कोरून ठेवला : ब्रिटनचे अर्थमंत्री बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याच्या बेतात. श्रीगणेशा म्हणून टोमणा मारणाऱ्या या माणसाची सदाशिव पेठेत काही ओळख निघते का, हे तपासायला हवं.

आणि वही बदलता येत नाही म्हणतात, त्यालाही अपवाद घडलाय. २०१६ च्या जूनमध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ नावाच्या सामायिक निधीतून, त्याच्याच आज्ञावलीतल्या फटीतून, कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर पळवले. महिनाभर वाद झाला. बहुमताने ठरवलं, चोरी निष्फळ करायची. अल्पमत म्हणालं, लिहिलं ते लिहिलं. जुलैत फूट पडली आणि दोन वह्या झाल्या : इथेरियम आणि इथेरियम क्लासिक. परदेशी श्रोत्यांना हा भाग समजवायला आकृत्या काढाव्या लागतात. ज्यांनी एका गणेश मंडळाची दोन आणि एका पक्षाची दोन झालेली पाहिली आहेत, त्यांना लागत नाहीत.

आता सभागृह रंगात आलेलं असतं आणि खरे प्रश्न सुरू होतात.

“पासवर्ड विसरला तर कुठल्या शाखेत जायचं?”

शाखा नाही. वहीत तुमचं नाव नसतं, एक लांबलचक क्रमांक असतो, आणि त्याची किल्ली म्हणजे दुसरा एक गुप्त क्रमांक. ज्याच्याकडे किल्ली तो मालक. पटवायचं असेल तर आंगडियांकडचा व्यवहार आठवावा, जिथे फाटक्या दहाच्या नोटेचा नंबर जुळला की समोरचा माणूस मुकाट पैसे मोजून देतो. तुम्ही कोण, हे विचारत नाही. नोट हरवली तर किमान आंगडियाच्या पेढीत जाऊन रडता तरी येतं. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते नगरपालिकेशी वर्षानुवर्षं झगडले; जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट मात्र स्टेफान थॉमस या प्रोग्रामरची. त्यांना ७,००२ बिटकॉइन मिळाले होते, आणि कशाबद्दल? तर बिटकॉइन म्हणजे काय हे सामान्य लोकांना समजावणारी छोटी चित्रफीत केल्याबद्दल. जगात समजावून सांगण्याचं एवढं मानधन दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं ठाऊक नाही. किल्ली ठेवलेल्या उपकरणाचा पासवर्ड त्यांनी कागदावर लिहिला आणि तो कागद हरवला. उपकरण दहाच संधी देतं. २०२१ साली ही गोष्ट जगजाहीर झाली तेव्हा त्यांतल्या आठ संपल्या होत्या.

“आणि नॉमिनी?” हा प्रश्न मृत्युपत्रावरच्या पुढच्या व्याख्यानाची जाहिरात करत येतो. वहीला नॉमिनी कळत नाही, वारस कळत नाही, बँकेच्या ठेवीला असतो तसा पाच लाखांचा विमाही नाही. किल्ली मुलांना सांगितली नाही तर पैसा यापच्या धोंड्यासारखा : आहे, सगळ्यांना दिसतोय, आणि समुद्राच्या तळाशी आहे.

मग तो प्रश्न येतो, ज्यासाठी निम्मं सभागृह आलेलं असतं. “ते सगळं ठीक. घ्यावं का?” भाचा इथे पिझ्झ्याची गोष्ट सांगतो. फ्लोरिडातल्या लास्लो हानेट्झ यांनी २२ मे २०१० रोजी दोन पिझ्झ्यांचे १०,००० बिटकॉइन मोजले. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनने एक लाख डॉलर ओलांडले, म्हणजे ते पिझ्झे शंभर कोटी डॉलरचे झाले. गोष्ट सांगायची असते ती भाव किती बेभरवशाचा आहे हे पटवायला. श्रोत्याला ऐकू येतं ते इतकंच, की आपण २०१० साली घ्यायला हवे होते.

प्रस्तुत लेखकाच्या मते क्रिप्टो समजावण्यातली खरी गोम इथे आहे. प्रामाणिक माणसाला तास लागतो आणि शेवटी तो ‘सांगता येत नाही’ म्हणतो. ठकाला दहा मिनिटं पुरतात. रूजा इग्नाटोव्हा यांनी २०१६ साली लंडनच्या वेम्ब्ली अरीनात हजारोंना ‘वनकॉइन’ इतकं सोपं करून सांगितलं की कुणाला शंकाच उरली नाही. त्यांची म्हणून कुठली वहीच नव्हती, एवढा तपशील सोपेपणाच्या ओघात राहून गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बाई विमानात बसून नाहीशा झाल्या आणि २०२२ साली एफबीआयच्या दहा बड्या फरारींच्या यादीत उगवल्या. त्याच वनकॉइनच्या भरतीसभेवर एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी छापा घातला होता. ‘गेनबिटकॉइन’चं स्पष्टीकरण तर एका ओळीचं : दरमहा दहा टक्के, अठरा महिने. त्याचे गुन्हे २०१८ साली पुण्यातही नोंदले गेले. तपास करणाऱ्यांना किल्ली आणि वही समजेना, म्हणून पोलिसांनी समजावून सांगायला दोन तज्ज्ञ बोलावले. आणि मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना अटक झाली, आरोपींच्या खात्यांतलं क्रिप्टो स्वतःकडे वळवल्याच्या आरोपावरून. विषय नीट समजल्याचे हेही धोके.

सरकारने त्या मानाने थोडक्यात आटोपलं. २०२२ च्या अर्थसंकल्पाने याला चलन न म्हणता ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हटलं, नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वळता करायला मनाई केली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले, की याच्या मुळाशी काहीच नाही, ट्युलिपचं फूलसुद्धा नाही. आणि १ डिसेंबर २०२२ पासून त्याच बँकेने मुंबईसह चार शहरांत स्वतःचा ई-रुपया प्रयोगादाखल काढला, ज्यामुळे “मग सरकारचं बिटकॉइन घ्यावं का?” हा नवा प्रश्न जन्माला आला. ई-रुपया म्हणजे रुपयाच, फक्त फोनात. त्यात श्रीमंत व्हायची सोय नाही, हे कळल्यावर प्रश्न विचारणारा खाली बसतो.

जाता जाता भाचा गडचिरोलीचं सांगतो. एटापल्लीत २०२२ साली पासष्ट हजारांच्या आसपास जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले, बनावट दाखले पकडायला. ना भाव, ना पिझ्झा, नुसती खोडता न येणारी वही. सगळ्या तासाभरात श्रोत्यांना मनापासून पटलेलं उदाहरण हे एकच, आणि ते शेवटच्या स्लाइडवर असतं. तोवर वड्यांवरचं झाकण निघालेलं असतं.

नारळ, शाल, पाकीट. खजिनदार भाच्याची व्हाउचरवर सही घेतात, रजिस्टरमध्ये नोंद करतात, सेक्रेटरी शेजारी उभे राहून ती नोंद आपल्या वहीत उतरवतात. भाचा क्षणभर त्या दोन वह्यांकडे बघत राहतो. आपण नाण्याऐवजी इथून सुरुवात करायला हवी होती, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं.

पुढच्या महिन्यात विषय क्रमांक एक. सेक्रेटरी वाचतात : ‘क्रिप्टो या विषयावर माहितीपूर्ण व्याख्यान झाले. उपस्थिती ५८. बटाटेवडे १२०. चहापानानंतर सभा संपली.’ तिसऱ्या रांगेतले काका हात वर करतात. वडे ११६ होते, त्यांनी मोजले होते. मागची नोंद खोडायची की नाही यावर दहा मिनिटं चर्चा होते. शेवटी जुनी नोंद तशीच ठेवून नव्या पानावर लिहिलं जातं : ‘मागील इतिवृत्तात बटाटेवडे १२० ऐवजी ११६ असे वाचावे. बाकी कायम.’